पाण्याचा माग आधी, पार्ट मग

घरातली यंत्रं : लेखांक ११

मेकॅनिक येतो, झाकण उघडतो, दोन बटणं दाबतो, कान देऊन ऐकल्यासारखं करतो आणि म्हणतो, "पीसीबी गेलाय." कधी तो खरोखरच गेलेला असतो. पण टॉप लोड वॉशिंग मशीनमध्ये पीसीबी हा सगळ्यांत महाग पार्टांपैकी एक आणि बदलायला मात्र सगळ्यांत सोपा. चार स्क्रू, काही कनेक्टर, अर्ध्या तासात काम खलास. त्यामुळे निदान तिकडे झुकलं तर नवल नाही. आपण मात्र पार्टाच्या नावापासून सुरुवात करायची नाही. पाणी कुठून येतं, किती झालं हे मशीनला कसं कळतं आणि ते जातं कसं, या वाटेने चालत गेलं की दोष बहुधा वाटेतच सापडतो.

हा लेख फुल्ली ऑटोमॅटिक, वरून कपडे टाकायच्या मशीनबद्दल आहे. तळाशी फिरणारी चकती म्हणजे पल्सेटर असलेलं, आपल्याकडे सर्रास दिसणारं मशीन. इंटरनेटवर दुरुस्तीचे जे व्हिडिओ सापडतात त्यांतले पुष्कळ अमेरिकेतले असतात. त्यांच्या जुन्या धाटणीच्या मशीनमध्ये मधोमध उंच अ‍ॅजिटेटर असतो, पाणी उपसायला पंप असतो, गरम आणि थंड पाण्याचे दोन नळ असतात आणि व्हॉल्व्हची कॉइल १२० व्होल्टची असते. आपली वीज २३० व्होल्टची, आणि आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनना पंपच नसतो. तो व्हिडिओ पाहून पंप शोधायला बसलात तर शोधतच बसाल.

आता नळापासून सुरुवात करू. मशीन पाणी घेत नाही किंवा फार हळू घेतं, तेव्हा नळ बंद करून मागचा इनलेट पाइप सोडवा. जिथे पाइप मशीनला जोडतो तिथे आत बोटाच्या पेराएवढी जाळी दिसेल. ती पकडीने अलगद ओढली की बाहेर येते. बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर पांढरट क्षार बसलेले असतात, पावसाळ्यात पालिकेच्या पाण्याने गाळ साचतो. जुन्या टूथब्रशने घासून, व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून ती परत बसवायची. ती फेकून देऊन "आता पाणी मस्त येतं" म्हणणारे लोक आहेत. पुढे तोच गाळ व्हॉल्व्हमध्ये जातो आणि त्यांना नवा व्हॉल्व्ह घ्यावा लागतो.

त्या व्हॉल्व्हची करामत जरा समजून घेण्यासारखी आहे. कॉइलमध्ये वीज आली की ती एवढा मोठा पाण्याचा लोट स्वतः उघडत नाही. ती फक्त एक छोटं भोक मोकळं करते. मग आतला रबरी पडदा पाण्याच्या स्वतःच्याच दाबाने उचलला जातो. म्हणजे दाब नसेल तर व्हॉल्व्ह चांगला असूनही नीट उघडत नाही. पुष्कळ मशीनना निदान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे पाण्याची टाकी नळापेक्षा साधारण ३ मीटर उंच हवी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं दुखणं इथेच आहे: गच्चीवरची टाकी डोक्यावरच असते, तिच्यातलं पाणी उतरलं की दाब आणखी कमी होतो, आणि दोष मात्र मशीनला दिला जातो. अशा घरी नवा व्हॉल्व्ह बसवून काही होत नाही. टाकीखाली उंचवटा किंवा एक छोटा प्रेशर पंप, दोनच उपाय.

उलट तक्रार असते ती पाणी थांबतच नाही अशी. याची एक परीक्षा आहे आणि तिला कुठलंही हत्यार लागत नाही. पाणी पडत असताना प्लग काढा. तरीही पाणी येतच राहिलं तर व्हॉल्व्हच्या पडद्यात कचरा अडकलाय किंवा पडदा फाटलाय, व्हॉल्व्ह बदला. प्लग काढताच पाणी थांबलं, तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे. कोणीतरी त्याला उघडं राहायला सांगतंय. तो कोणीतरी म्हणजे पीसीबी, किंवा पीसीबीला चुकीची बातमी देणारा सेन्सर.

ही बातमी कशी पोचते? बाहेरच्या टबाच्या तळाशी एक छोटा कप्पा असतो. तिथून एक बारीक नळी वर पॅनेलपर्यंत जाते. तळाशी पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि वरचा सेन्सर त्या दाबावरून पाण्याची पातळी ओळखतो. नळीत फक्त हवा असते, पाणी वरपर्यंत जात नाही. आता ही नळी निसटली, तिला चीर गेली किंवा उंदराने कुरतडली, तर हवा निघून जाते. मशीनला वाटतं टब रिकामाच आहे. ते भरत राहतं. नळीच्या तोंडाशी साबणाचा चिखल बसला तरी घोटाळा तोच. नळी सेन्सरपासून काढून मग खालच्या बाजूला फुंकर मारा. सेन्सर जोडलेला असताना फुंकलात तर तोच बिघडेल. आपल्या टॉप लोड मशीनचा तळ बहुधा उघडा असतो. उंदीर तिथूनच घुसतात, म्हणून खाली बसवायची जाळी बाजारात वेगळी मिळते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तिच्यात कंजूषी करू नये.

आता पाणी बाहेर जाण्याकडे. आणि इथे थोडं थांबू, कारण सगळ्यांत जास्त गैरनिदान इथे होतं.

पंप नसलेल्या मशीनमध्ये टबाच्या तळाशी एक रबरी बूच असतं. त्याला ड्रेन व्हॉल्व्ह म्हणतात. ते उघडायला एक मुठीएवढी ड्रेन मोटर असते. ती एक तार किंवा पट्टी हळूहळू आपल्याकडे ओढते, बूच वर उचललं जातं आणि पाणी आपल्याच वजनाने खाली वाहून जातं. पण ही तार एकच काम करत नाही. तिच्या वाटेवरच क्लचची दांडी जोडलेली असते. धुताना फक्त पल्सेटर फिरतो, पिळताना आख्खा ड्रम फिरायला हवा. हा बदल ती दांडी ओढली गेल्यावरच होतो. म्हणजे एक छोटी मोटर एकाच ओढीत पाणीही सोडते आणि मशीनला धुण्यावरून पिळण्यावरही आणते.

हे एकदा लक्षात आलं की तीन तक्रारी आपोआप सुटतात. पाणीही जात नाही आणि ड्रमही फिरत नाही: ड्रेन मोटर ओढत नाहीये, किंवा तार तुटलीय. पाणी जातं पण ड्रम फिरत नाही: मोटर ठीक आहे, क्लचच्या दांडीकडे किंवा स्प्रिंगकडे बघा. आणि धुताना पल्सेटरबरोबर ड्रमही फिरतो, पाणी भरलं तरी टिकत नाही: ओढलेली तार परत सैल झालेली नाही. स्पिन सुरू व्हायच्या आधी मशीनजवळ उभं राहिलात तर काही सेकंद बारीक गुरगुर ऐकू येते आणि मग पाण्याचा आवाज. ती गुरगुर म्हणजे ड्रेन मोटर. ती ऐकू आली नाही तर मोठी मोटर, गिअरबॉक्स, पीसीबी यांची चर्चा सुरू करण्याआधी या छोटीकडे बघायला हवं. किमतीने ती तीन आकड्यांतली असते. ज्यांच्याबद्दल चर्चा होते ते चार आकड्यांतले.

तारेने बूच उचललं आणि तरीही पाणी हळू जातंय, तर बाहेरचा पाइप बघा. पंप नसलेल्या मशीनचा ड्रेन पाइप जमिनीलगतच असायला हवा. बाथरूमचं काम नवं केलं, टाइल लावणाऱ्याने पाइपसाठीचं भोक वीतभर वर पाडलं आणि तेव्हापासून टबात पाणी राहू लागलं, अशा तक्रारींना मशीनचा कोणताही पार्ट लागत नाही.

बूच नीट बसलं नाही तर दुसरी गंमत होते. खिशातून निसटलेली हेअरपिन, नाणं, ब्लाउजचा हूक यांपैकी काहीतरी बुचाच्या तोंडात अडकतं. वरून पाणी भरतंय आणि खालून झिरपतंय. मशीन ठरावीक वेळ वाट बघतं, पातळी गाठली जात नाही, आणि डिस्प्लेवर कोड येतो तो पाणी येत नसल्याचा. एलजीच्या मशीनवर "आयई", सॅमसंगवर "४ई" किंवा "४सी". अक्षरं इनलेटकडे बोट दाखवतात, दोष ड्रेनमध्ये असतो. कोड म्हणजे मशीनने पाहिलेलं लक्षण, निदान नव्हे. शिवाय तो कंपनीच्या भाषेत असतो. एलजीच्या मशीनवर "एलई" म्हणजे मुख्य मोटर अडकलीय. सॅमसंगवर त्याच अक्षरांचा रोख पाण्याच्या गळतीकडे असतो. शेजाऱ्याच्या मशीनचं माहितीपुस्तक आपल्या उपयोगाचं नाही.

बाकीचे दोष आता भराभर. स्पिनला मशीन नाचत असेल तर आधी पाय समतल आहेत का बघा, एकटी गोधडी टाकली होती का आठवा, आणि मग चार कोपऱ्यांतल्या सस्पेन्शन रॉडकडे वळा. बंद मशीनचा टब हाताने खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन तो शांत झाला पाहिजे. डुलत राहिला किंवा एका बाजूला कललेला दिसला तर रॉड गेले. ते चारही एकदम बदलावेत. काढताना कुठला कुठे होता याची खूण ठेवा, कारण काही मॉडेलांत पुढचे आणि मागचे सारखे नसतात. मोटर हुंकार देते पण फिरत नाही, हाताने ढकलल्यावर फिरते: कपॅसिटर. तो घेताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्यावर असेल तोच हवा. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते, त्याच्या टोकांना बोट लावू नका. जळक्या रबराचा वास येतो आणि पल्सेटर मरगळलेला: पट्टा. त्याचा नंबर त्याच्या पाठीवरच छापलेला असतो. झाकण लावूनही मशीन झाकण उघडं असल्याचं सांगतं, तेव्हा स्विचच्या वायरकडे आधी आणि झाकणातल्या चुंबकाकडे मग बघा.

दोष कळला, आता पार्ट. "एलजीचा साडेसहा किलोचा व्हॉल्व्ह द्या" असं दुकानात सांगणं म्हणजे औषधाच्या दुकानात "मोठ्या माणसाची गोळी द्या" म्हणण्यासारखं आहे. मशीनच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या. सॅमसंगच्या भारतातल्या मॉडेलांच्या शेवटी स्लॅश देऊन "टीएल" येतं. परदेशातल्या दुकानात तेच मॉडेल शोधताना शेपूट वेगळं दिसलं तर पार्टही वेगळा असू शकतो. त्याहून पक्की खूण म्हणजे पार्टावरचा स्वतःचा नंबर. सॅमसंगमध्ये "डीसी"ने सुरू होणारे नंबर वॉशिंग मशीनचे, "डीए" फ्रिजचे, "डीबी" एसीचे. जुन्या पार्टावर तो छापलेला किंवा चिकटवलेला सापडतो. साबणाच्या थराखाली असेल तर ओल्या फडक्याने पुसून बघा, खरडू नका, अक्षरंच निघतील.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, लोहार चाळ, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, या भागांत जुना पार्ट हातात घेऊन गेलेल्याला वेगळी वागणूक मिळते. दुकानदार तो उलटापालटा करतो, कनेक्टरच्या पिना मोजतो आणि समोर जोडीदार ठेवतो. फोटो दाखवणाऱ्याला "आणून बघा" असंच सांगितलं जातं. पार्ट काढण्याआधी वायरींचा फोटो मात्र जरूर घ्या, तो बसवताना लागतो.

ओरिजिनल की लोकल, या वादात माझं मत सरसकट नाही. इनलेट पाइप, ड्रेन पाइप, जाळी, पट्टा, कपॅसिटर हे चांगल्या दुकानातून लोकल घेतले तरी चालतात. ड्रेन मोटर आणि व्हॉल्व्ह ओरिजिनल मिळाले तर बरे. सस्पेन्शन रॉड आणि क्लच यांत काटकसर करू नका: स्प्रिंगचा ताण किंवा लांबी थोडी जरी चुकली तरी टब बॉडीवर आपटतो, आणि त्या धक्क्यांत दुसरंच काही तुटतं. पीसीबी दुरुस्त करून देणारे कारागीर आहेत. पण ओलाव्यापासून वाचवायला बोर्डावर राळेसारखा थर ओतलेला असतो. तो खरवडून रिले किंवा ट्रायॅक बदलावा लागतो. हे काम करणारा माणूस महिनाभराची तरी हमी देत असेल तरच द्यावं.

जुन्या मॉडेलचे पार्ट कंपनीकडे मिळतच नाहीत, ही तक्रार आता जगभर आहे. युरोपीय संघाने मार्च २०२१पासून नियम केला की वॉशिंग मशीनचं मॉडेल विक्रीतून गेल्यावरही ठरावीक पार्ट किमान १० वर्षं मिळाले पाहिजेत, आणि मागणी केल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवायला समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ला त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी माहितीपुस्तकं, पार्टांच्या किमती आणि सेवाकेंद्रांचे तपशील एका जागी द्यावेत ही त्यातली कल्पना. पार्ट देतोच म्हणून कंपनीने महिनोन्महिने लटकवलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आणि "मोटरवर १० वर्षं वॉरंटी" ही पाटी वाचून फार हुरळू नका. वर जी दुखणी सांगितली त्यांत मुख्य मोटरचा दोष क्वचितच आला आहे. व्हॉल्व्ह, ड्रेन मोटर, सेन्सर यांची वॉरंटी किती, ते कार्डावरच्या बारीक अक्षरांत बघा.

दुरुस्ती कुठे थांबवायची? कोकणात खाऱ्या हवेने बॉडीचा तळ पोखरला गेला असेल आणि सस्पेन्शन ज्या कोपऱ्यांना टांगलेलं असतं तेच गंजले असतील, तर नवे रॉड घालू नका. ते धरणार कशाला? गिअरबॉक्सचं सील जाऊन खाली तेलकट डाग पडतायत, बेअरिंग खडखडतंय आणि टबही चिरलाय, असं एकत्र आलं की हिशोब बसत नाही. पण अशा मशीनमधली ड्रेन मोटर, व्हॉल्व्ह, झाकण आणि पीसीबी धडधाकट असू शकतात. भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी आपल्या भागातल्या मेकॅनिकला मॉडेल नंबर सांगून विचारा. बंद झालेल्या मॉडेलचा पार्ट शोधत फिरणारं कोणीतरी गिऱ्हाईक त्याच्या डोक्यात असतंच, आणि भंगारापेक्षा भावही बरा मिळतो.

(पुढील आठवड्यात : सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा टायमर आणि स्पिनचा ब्रेक)