पळसाचा रंग आणि घरांतील मुलें

फाल्गुन लागला कीं किनवटच्या रानांत पळस फुलतो. नांदेड जिल्ह्यांत पैनगंगेच्या खोऱ्यांतील हा तालुका सागाच्या जंगलांसाठीं प्रसिद्ध आहे. सागाचीं पानें गळून रान उघडें पडतें, आणि त्याच सुमारास पळसाच्या निष्पर्ण फांद्या केशरी फुलांनीं लदून जातात. फुलाचा बांक राघूच्या चोंचीसारखा. म्हणूनच संस्कृतांत त्यास किंशुक, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ असें नांव पडलें. बंजारा तांड्यांवर लेंगी गीतें घुमूं लागतात तीं ह्याच दिवसांत.

शहरांतील मुलाच्या हातीं मात्र रंगपंचमीला दुकानांतील पुडी येते. तींत काय आहे हें देणाऱ्यास माहीत नसतें व घेणाऱ्यासही नसतें. भडक रंगांच्या कांहीं पुड्यांत कापड रंगविण्याचीं द्रव्यें व धातूंचे क्षार आढळलेले आहेत. त्यांनीं डोळे चुरचुरतात, अंगावर पुरळ उठतो. ज्या घरांत मूल रंग स्वतः तयार करतें, तेथें रंगाविषयींचें हें अज्ञान सहज दूर होतें.

कृति सोपी आहे. वाळलेलीं पळसफुलें शहरांत काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात. दोन ओंजळी फुलें निवडावीं. देठाकडील काळसर, मखमली पेले काढून टाकावे. हें काम मुलांनीं करावें. मग एक लिटर पाण्यांत फुलें रात्रभर भिजवून सकाळीं मंद आंचेवर वीस मिनिटें उकळावीं. शेगडीजवळचें काम वडील माणसानेंच करावें. निवाल्यावर रंग स्वच्छ फडक्यानें गाळून घ्यावा. तो दोन दिवसांत आंबूं लागतो. म्हणून आदल्या दिवशींच करावा. अंगावर तो फारसा टिकत नाहीं, आणि तोच त्याचा गुण होय.

आतां ह्याच पाण्यांतून मुलांना थोडें रसायनशास्त्रही शिकवितां येतें. रंग तीन वाट्यांत घ्यावा. पहिली तशीच ठेवावी. दुसरींत तुरटीची चिमूट टाकावी. तिसरींत चुन्याची निवळी थेंबभर सोडावी; ती लगेच गडद, तांबूस होते. फुलांतील रंगद्रव्य क्षाराच्या स्पर्शानें पालटतें, हें मुलाला डोळ्यांनीं दिसतें. ही तिसरी वाटी खेळावयास कदापि घेऊं नये. चुना डोळ्यांस घातक आहे. तुरटीचें काम वेगळें. तुरटीच्या पाण्यांत भिजविलेला सुती हातरुमाल पळसाच्या रंगांत अर्धा तास उकळला, तर पिवळा रंग धाग्यास घट्ट धरतो. तुरटींतील धातु धागा व रंग यांचा दुवा होतो.

ह्या रंगद्रव्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८५६ सालीं विल्यम हेन्री पर्किन ह्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलानें डांबरापासून जांभळा रंग बनविला, आणि तेथून वनस्पतींचे रंग बाजारांतून हटूं लागले. पुढें १९०४ सालीं त्याच पर्किनचा पुत्र आर्थर जॉर्ज ह्यानें हमेल ह्या सहकाऱ्यासह पळसफुलांतील ‘ब्युटीन’ ह्या द्रव्याचें संशोधन प्रसिद्ध केलें. बापानें ज्यांना मागें सारलें, त्यांचाच अभ्यास मुलानें केला!

वसंतांत मुलांना रंगांत रमविण्याची चाल सर्वत्र आहे. इराणांत नवरोजला आणि युरोपांत ईस्टरला अंडीं रंगवितात. युरोपांत त्यासाठीं पुष्कळदां कांद्याचीं टरफलें उकळतात. युक्रेनमध्यें अंड्यावर आधीं मेणानें रेघा ओढतात. मेणाखालीं रंग लागत नाहीं, म्हणून नक्षी पांढरी उठून दिसते. हीच युक्ति आपल्या घरीं जाड कागदावर करून पाहावी: मेणबत्तीनें चित्र काढून वर पळसाचा रंग फिरवावा. ज्या घरीं अंडीं चालतात, तेथें पोकळ टरफलावरही तो चढवितां येईल. रंगांत चमचाभर शिरका घातला म्हणजे तो बरा धरतो.

एक गोष्ट मात्र मुलांच्या मनावर आरंभींच बिंबवावी. पळसाचें फूल आपल्याकरितां फुललेलें नसतें. त्यांतील मध पिण्यास शिंजीर व मैना येतात, आणि त्यांच्यामुळें परागकण एका फुलांतून दुसऱ्यांत जाऊन शेंगा धरतात. पुढें त्याच झाडाच्या पानांच्या पत्रावळी होतात व फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात. फांद्या मोडल्या तर हें सर्व थांबतें. म्हणून झाडाजवळ जाण्याचा योग आला, तर सकाळीं खालीं पडलेलीं फुलेंच वेंचावीं. तेवढ्यांत एका घराचा रंग होतो, आणि झाडावर पुढल्या पिढीचें बीज शिल्लक राहतें.