गिटार, तबला आणि घरातली भांडणं

मैत्रिणींनो, तुमच्या घरात गिटार शिरली आहे का? मग वादही शिरलाच म्हणायचा. आजी म्हणतात, “चांगला तबला शिकत होता, हे काय खूळ?” चिरंजीव म्हणतात, “तुम्हाला रॉकमधलं काही कळत नाही.” आणि पोळ्या लाटता लाटता दोन्ही बाजू ऐकायच्या त्या आपण! अशा घरांसाठी आज लंडनच्या ‘स्काय’ या वाद्यवृंदाबद्दल सांगते.

जॉन विल्यम्स हे शास्त्रीय गिटारवादनातलं मोठं नाव. जन्म १९४१ चा, मेलबर्नचा. पुढे थोर वादक सेगोव्हियांकडे शिकलेले. अशा माणसाने एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चक्क रॉक वाजवणाऱ्यांबरोबर बसावं, हे कितीतरी रसिकांना रुचलं नाही. त्यांच्यासोबत होते हार्पसिकॉर्ड आणि सिंथेसायझर वाजवणारे फ्रान्सिस मंकमन, इलेक्ट्रिक गिटारवर केविन पीक, बेसवर हर्बी फ्लॉवर्स आणि तालवाद्यांवर ट्रिस्टन फ्राय. हे फ्राय मोठमोठ्या शास्त्रीय वाद्यवृंदांत वाजवायचे आणि बीटल्सच्या १९६७ च्या एका गाण्यातही त्यांचे टिंपनी-नगारे आहेत. फ्लॉवर्स तर आणखी गमतीचे. आजोबांवरचं एक साधं, मुलांच्या कोरसचं गाणं त्यांनी मिळून लिहिलं होतं, ते १९७१ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

स्कायमध्ये गायक नव्हता. नुसती वाद्यं! १९८० साली त्यांनी बाखच्या नावावर असलेली, चर्चमधल्या ऑर्गनसाठी रचलेली ‘टोकाटा’ घेतली आणि ड्रम्स, विजेची गिटार लावून वाजवली. ऑर्गनमध्ये खर्जाचे सूर वादक पायांनी वाजवतो. इथे ते काम बेस गिटारने उचललं. ती ब्रिटनच्या पहिल्या पाचांत पोचली. फेब्रुवारी १९८१ मध्ये त्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत, म्हणजे जिथे राजेराण्यांचे राज्याभिषेक होतात तिथे, ॲम्नेस्टी संस्थेच्या मदतीसाठी कार्यक्रम केला.

सगळंच उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. काही तुकडे जरा गुळगुळीत वाटतात, चहाबरोबर ऐकायचे. विल्यम्स १९८४ साली बाहेर पडले आणि पूर्वीसारखे एकट्याने वाजवू लागले. म्हणजे रॉक वाजवलं म्हणून हात काही बिघडला नाही, हे आजींना जरूर सांगा.

आणि पेटीचंही सांगा. देवघरात भजनाला चालते ती पेटी मूळची युरोपातली! १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती, ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तोवर घरोघरी ती केव्हाच आपली झाली होती.

मुलाला मात्र तेवढंच ठणकावा. विल्यम्स विजेच्या गिटारीशेजारी बसू शकले, कारण लहानपणापासून बोटं घासलेली होती. तबल्याचा क्लास बंद करायचाच असेल तर गिटारीचा रोजचा रियाज काय, किती वाजता, ते आधी ठरवून घ्या. नुसती भिंतीला टांगायला एवढे पैसे कशाला?

येत्या रविवारी जेवणं आटोपली की सगळ्यांना बसवा. मोबाइलवर आधी ऑर्गनवरची टोकाटा लावा, मग स्कायची. आजींनाच विचारा कुठली आवडली. आवाज तेवढा बेताचा ठेवा, शेजारच्या काकूंची दुपारची झोप असते.