वापरलेली फोर्कलिफ्ट: किमतीआधी तास मोजावेत

वापरलेली फोर्कलिफ्ट परवडेल की नाही, हे ठरते ती रोज किती तास चालणार आहे यावर. एका पाळीत सतत चालणारे यंत्र वर्षाला साधारण २,००० तास भरते. भिवंडीतल्या मोठ्या गोदामात किंवा चाकणच्या दोन पाळ्यांच्या कारखान्यात हा आकडा याहून पुढे जातो. लहान कारखान्यात मात्र ट्रक आला की माल उतरवायचा, एवढेच काम असते. तिथे वर्षाचे ५०० तासही पुष्कळ झाले.

समजा, नवे यंत्र १२ लाखांना घेतले आणि चार वर्षांनी ६ लाखांना विकले. वर्षाला ५०० तासांप्रमाणे २,००० तास झाले, म्हणजे तासाला ३०० रुपये पडले. जुने यंत्र ५ लाखांचे, दुरुस्ती दीड लाखाची आणि पुढे विक्री अडीच लाखांना झाली, तर तेच काम तासाला २०० रुपयांत होते. पण दिवसभर राबणारे यंत्र बंद पडले की ट्रक आणि हमाल दोन्ही खोळंबतात. तिथे हा फायदा थोड्याच दिवसांत संपतो.

यानंतर पाहायची ती क्षमता. यंत्रावरच्या पाटीवर ३,००० किलो लिहिलेले असले, तरी ती क्षमता भाराचा मध्य काट्यांच्या उभ्या बाजूपासून ५०० मिलिमीटरवर आहे असे धरून दिलेली असते. पेटी लांब असल्याने तो मध्य ६०० मिलिमीटरवर गेला, तर तेच यंत्र सुमारे २,७०० किलोच सुरक्षितपणे उचलते. उंच रॅकवर माल ठेवताना क्षमता आणखी घटते. पाटीच नसलेले यंत्र घेऊ नये. बंदिस्त गोदामात, विशेषतः खाद्यपदार्थ किंवा औषधे असतील तर, डिझेलच्या धुरामुळे बॅटरीवरचेच यंत्र योग्य ठरते.

अवरमीटरवरचा आकडा एकटा विश्वासार्ह नसतो, कारण मीटर बदलता येतो. पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंगमध्ये खेळ आहे आणि मीटर मात्र ३,००० तास दाखवतो, तर संशय घ्यावा. काट्यांची झीज वळणाजवळ सर्वाधिक होते. तिथली जाडी न झिजणाऱ्या उभ्या भागाच्या जाडीशी ताडून पाहावी. जाडी १० टक्क्यांनी घटली, की ताकद सुमारे २० टक्क्यांनी घटते. असे काटे बदलावेच लागतात. मास्टची चेन मूळ लांबीपेक्षा ३ टक्के ताणली असेल, तर तीही बदलावी. मग पूर्ण भार उचलून इंजिन बंद करावे. दहा मिनिटांत भार १०० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली सरकला, तर हायड्रॉलिक सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहेत असे समजावे. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले, तर सुरू होण्यातली अडचण लपते. मास्ट, चासी आणि चालकाच्या डोक्यावरचे संरक्षक छत यांवर नंतर केलेले वेल्डिंग दिसले, तर सौदा सोडावा. तिथे प्रश्न माणसाच्या जिवाचा असतो.

बॅटरीवरच्या यंत्रात बॅटरी हाच सर्वांत महाग सुटा भाग. लेड-ॲसिड बॅटरी साधारण १,५०० वेळा चार्ज-डिस्चार्ज होईपर्यंत चांगले काम देते. तिचे वजन यंत्राचा तोल सांभाळते, म्हणून पाटीवर दिलेल्या किमान वजनापेक्षा हलकी बॅटरी बसवणे धोक्याचे आहे. प्रत्येक सेलची तपासणी करून घ्यावी आणि नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच भाव करावा.

शेवटी कागद. मूळ बिल, सर्व्हिसच्या नोंदी आणि सक्षम व्यक्तीने केलेल्या वार्षिक तपासणीचे अहवाल मागावेत. अनुक्रमांक यंत्रावरच्या क्रमांकाशी जुळवावा, कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला घ्यावा आणि त्या मॉडेलचे सुटे भाग व मेकॅनिक जवळपास मिळतात का, याची खात्री करावी. सुटे भाग मिळत नसतील, तर कितीही स्वस्त यंत्र महागच पडते.