शाळा व्यवस्थापन समिती आणि मुलांचे वाचन



शिक्षणहक्क कायद्याच्या (2009) कलम 21 अन्वये या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कलम 22 अन्वये शाळेचा विकास आराखडाही तिनेच करावयाचा असतो. परंतु इतिवृत्ते चाळताना मला बहुधा कुंपण व छप्पर यांचेच ठराव आढळतात. तिसरीतील किती मुलांना धडा वाचता येतो, हा प्रश्न क्वचितच. एका गावी गुरुजींनी सभेतच मुलांकडून वाचन करविले. पाच मुले अडखळली. एरवी अंगठा उमटवून निघून जाणारी एक माता तेव्हा प्रथमच बोलली, "गुरुजी, घरी याचं वाचून घेणार कोण?" त्यावरून समाजमंदिरात सायंकाळचा वाचनवर्ग ठरला, सातवीच्या मुलींनी तो चालविला. पुढील सभेच्या विषयपत्रिकेत वाचनाचा विषय पहिला ठेवावा. छपराचा नंतर येऊ द्यावा.