खोडदची दुर्बीण आणि आवृत्त्यांचा संघर्ष

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळील खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण असून, तिच्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी टिपलेल्या संकेतांपासून आकाशाचे चित्र घडवण्यासाठी संशोधकांना अनेकदा वेगवेगळ्या प्रणाली वापराव्या लागतात. त्यांपैकी ‘स्पॅम’ ही प्रणाली पायथन भाषेच्या 2.7 या आवृत्तीवर उभी आहे, तर ‘कासा’ या दुसऱ्या प्रणालीच्या सहाव्या मालिकेला पायथन 3 लागते; हाच आवृत्त्यांचा संघर्ष.

सगळेच नव्या आवृत्तीवर नेले की प्रश्न सुटतो, हा या संघर्षासंबंधीचा एक रूढ आणि संशोधनात घातक समज होय. पायथन 2 ची अधिकृत देखभाल 1 जानेवारी 2020 रोजी संपली हे खरे. परंतु तीत 5 भागिले 2 या पूर्णांकांच्या भागाकाराचे उत्तर 2 येते आणि पायथन 3 मध्ये 2.5 येते, म्हणजे जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीत कोणतीही त्रुटी न दाखवता वेगळे उत्तर देऊ शकते.

आभासी परिवेश, म्हणजे प्रत्येक प्रकल्पासाठी लायब्ऱ्यांचा स्वतंत्र संच, केला की संघर्ष उरत नाही, असेही मानले जाते. वस्तुतः त्याने प्रकल्प एकमेकांपासून वेगळे होतात, इतकेच; एकाच प्रकल्पातील एका लायब्ररीला नमपाय या तिसऱ्या लायब्ररीची 2.0 पूर्वीची आणि दुसरीला त्यानंतरची आवृत्ती हवी असेल, तर एका परिवेशात एका लायब्ररीची एकच आवृत्ती नांदत असल्याने तेथे तोडगा निघत नाही. अशा वेळी पायथनचे ‘पिप’ हे स्थापना-साधन नकार देते, तो त्याचा दोष समजला जातो. परंतु 2020 च्या 20.3 या आवृत्तीपूर्वी ते विसंगत संचही बसवू शकत असे, त्यामुळे आजचा नकार ही सुधारणाच आहे.

खरा तोडगा प्रणालींची सांगड फायलींमधून घालण्यात आहे. जीएमआरटीची मूळ नोंद ‘लिस्टस्कॅन’ व ‘जीव्हीफिट्स’ या साधनांनी ‘फिट्स’ या खगोलशास्त्रातील प्रमाण स्वरूपात आणता येते, आणि स्पॅमने सुधारलेली विदाही त्याच स्वरूपात कासाकडे सोपवता येत असल्यामुळे दोघांना एका परिवेशात राहावेच लागत नाही. मात्र पायथन लायब्ऱ्यांच्या आवृत्त्यांची यादी जपली की तेच चित्र पुन्हा हमखास मिळेल असे नाही, कारण त्या यादीत कार्यप्रणाली आणि सी भाषेतील आधारभूत लायब्ऱ्या सहसा येत नाहीत. म्हणून त्यांच्यासह संपूर्ण संच एकत्र बांधणारा ‘कंटेनर’ विदेसोबत जतन करणे अधिक भरवशाचे ठरते.