कुत्र्याला शब्द कळतो की तुमचं वाकणं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय की' काढून टाकलेत, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय आहे, कुत्रा चालत किंवा धावत असताना एका शब्दावर त्याने सिट, डाउन किंवा स्टँड करणं. म्हणजे जागच्या जागी बसणं, पोट जमिनीला टेकवून पडणं किंवा उभं राहणं. ऐकायला सर्कस वाटते ना? पण समजा पट्टा हातातून सुटलाय, कुत्रा रस्त्याच्या पलीकडे पोचलाय आणि मधून टेम्पो येतोय. तुम्ही 'इकडे ये' ओरडलात तर तो नेमका टेम्पोच्या वाटेत येणार. तो आहे तिथेच डाउन झाला तर वाचेल. ताशी ३० किमीने धावणारा कुत्रा एका सेकंदात ८ मीटरहून जास्त अंतर कापतो. दुसऱ्यांदा ओरडायला वेळच नसतो.

आयजीपी नावाचा कुत्र्यांचा एक खेळ आहे. मूळ जर्मनीतला, आधी त्याला शुट्झहुंड म्हणायचे, मग आयपीओ, आणि २०१९ पासून आयजीपी. त्यात याची परीक्षाच असते. कुत्रा मालकाच्या डाव्या पायाशी चालत असतो. मालक एकदाच शब्द उच्चारतो आणि चाल न बदलता, मागे वळून न बघता पुढे जात राहतो. कुत्र्याने तिथल्या तिथे पोझिशन घ्यायची. वरच्या पातळीवर स्टँड तर धावता धावता करायचा असतो.

'मागे वळून न बघता' हीच यातली मेख आहे.

खरा बग कुठे असतो?

घरी आपण 'सिट' म्हणतो तेव्हा सोबत काय काय करतो बघा. थांबतो, किंचित वाकतो, खांदा कुत्र्याकडे वळवतो, हात वर करतो. कुत्रा आधी शरीर वाचतो, शब्द नंतर. हात आणि शब्द एकदम आले तर तो हाताकडे लक्ष देतो आणि शब्द शिकतच नाही. लिऑन कॅमिन या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून हेच दाखवलं: एका खुणेवरून पुढे काय होणार हे आधीच कळत असेल, तर तिच्यासोबत जोडलेली नवी खूण जवळजवळ शिकली जात नाही. याला 'ब्लॉकिंग' म्हणतात.

म्हणून घरात एकदम हुशार असलेला कुत्रा चालताना 'सिट' ऐकून तुमच्याबरोबर चालतच राहतो. तो हट्टी नाहीये. त्याच्या लेखी 'सिट'चा अर्थ 'मालक थांबला की बस' असा आहे, आणि तुम्ही तर थांबलाच नाहीत!

पायरी १: उभ्या उभ्या सगळी अदलाबदल

इंजिनिअर मंडळींसाठी, हे एक स्टेट मशीन समजा. ३ स्टेट्स, त्यांच्यात ६ ट्रान्झिशन्स: सिट ते डाउन, डाउन ते सिट, सिट ते स्टँड वगैरे. बहुतेकांनी २-३ च शिकवलेली असतात. सहाही पक्की झाल्याशिवाय चालायला लागू नका.

क्रम महत्त्वाचा. आधी शब्द, मग अर्धा सेकंद पूर्ण शांतता, मग गरज पडली तरच हात. काही दिवसांत कुत्रा हाताची वाट न बघता शब्दावरच हलतो. ज्या दिवशी तुम्ही पाठ करून उभे असताना तो बरोबर पोझिशन घेतो, त्या दिवशी शब्द शिकवून झाला.

शब्दही नीट निवडा. आपल्याकडे 'बस' हा शब्द दिवसभर घरात फिरत असतो: बस झालं, बस चुकली, इथे बस. 'सिट' आणि 'स्टँड' दोन्ही 'स'ने सुरू होतात, घाईत सारखे ऐकू येतात. भाषा कुठलीही घ्या, पण तिन्ही शब्द एकमेकांपासून वेगळे वाजले पाहिजेत, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरले पाहिजेत.

पायरी २: बक्षीस कुठे देता?

चालत्या कुत्र्याचं वजन पुढे जात असतं. ट्रीट पुढे धरली की तो दोन पावलं सरकून मग बसतो. म्हणून बक्षीस नेहमी तो आहे तिथेच किंवा त्याच्या मागे.

डाउनसाठी ट्रीट पुढच्या दोन पायांच्या मधे, जमिनीलगत, छातीच्या दिशेने सरकवा. कुत्रा आधी सिट करून मग पुढे सरकत नाही. पुढचं आणि मागचं शरीर एकदमच घडी होतं. सिटसाठी ट्रीट नाकाच्या जरा वर, म्हणजे पुढचे पाय जागेवर राहून मागचे पाय आत येतात. स्टँडसाठी ट्रीट नाकाच्या पातळीवर छातीकडे, म्हणजे तो पाऊल न टाकता थबकतो. नंतर खेळणं त्याच्या मागे फेकायला लागा. 'बक्षीस मागे येतं' हे कळलं की तो स्वतःच ब्रेक मारतो.

पायरी ३: आता चाला

सुरुवात उलटं चालून करा. तुम्ही मागे मागे, कुत्रा तुमच्याकडे तोंड करून पुढे. दोन-तीन पावलांनंतर शब्द. तो पोझिशनमध्ये गेला की लगेच 'येस', आणि तुम्ही त्याच्याकडे जाऊन बक्षीस द्या. हे जमलं की त्याला बाजूला घेऊन हळू चाला. शब्दानंतर तुम्ही फक्त एक पाऊल पुढे जा, परत या, बक्षीस. मग दोन पावलं, मग पाच. वेग सगळ्यात शेवटी वाढवा.

फोन भिंतीला टेकवून व्हिडिओ काढा. शब्दाच्या आधी तुमची चाल मंदावते का, खांदा वळतो का, हे स्वतःला कधीच जाणवत नाही, व्हिडिओत लगेच दिसतं.

आणखी दोन गोष्टी. तिन्ही पोझिशन्स रोज एकाच क्रमाने घेऊ नका, नाहीतर कुत्रा शब्द न ऐकता अंदाज बांधतो. मधूनमधून काहीच न सांगता नुसतं छान चालल्याबद्दलही बक्षीस द्या. आणि डाउननंतर दरवेळी हाक मारून बोलावू नका. पाचातल्या चार वेळा तुम्हीच परत जा, नाहीतर तो हाकेच्या आशेने आधीच उठायला लागतो.

रस्त्यावर जाण्याआधी

घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर हे शिकवू नका. पाय घसरतात आणि सांध्यांवर ताण येतो. चटई किंवा गवत बरं. लहान पिल्लांना आणि कंबरेचा त्रास असलेल्या लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डला वेगात करायला लावू नका. उन्हाळ्यात डांबराला आपला तळहात लावून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसतो. एका वेळी ३ ते ५ मिनिटं पुरे.

मैदानात गेलात की हार्नेसला लांब दोरी बांधा आणि अंतर वाढवत न्या. सोसायटीतली मांजर, डिलिव्हरीवाल्याची बाइक, दुसरी कुत्री, असं एकेक लक्ष विचलित करणारं जोडत जा. इतकं करूनही रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही. हे शिक्षण पट्टा सुटला तर कामी येण्यासाठी आहे, पट्टा सोडता यावा म्हणून नाही.

आज रात्री एवढंच करून बघा: कुत्र्याकडे पाठ करा, हात खिशात घाला आणि नेहमीच्या आवाजात एकदाच 'सिट' म्हणा. बसला तर पायरी २ वर जा. नुसताच तुमच्या पाठीकडे बघत राहिला, तर पायरी १. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!