दुसऱ्या अँटिबायोटिकची दहा वर्षं

गेल्या महिन्यात आमच्या हॉस्पिटलातली मायक्रोबायोलॉजी लॅब बंद झाली. लॅब चालवणाऱ्या मॅडम निवृत्त झाल्या, जागा भरायची नाही असं वरून ठरलं, आणि आता रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या कुरियरनं पुण्याला जातात. शाल-श्रीफळ झालं, गोड भाषणं झाली. चहाच्या वेळी मी कुरकुर केली तर नवे प्रशासक म्हणाले, "सर, आता एवढी भारी औषधं आलीत. दोन-तीन एकदम लावली की झालं, कल्चरचं काय एवढं?" या गृहस्थांना एक अख्खं दशक कुणीतरी ऐकवायला हवं.

त्याआधीचं थोडक्यात उरकतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस रक्तात शिरलेल्या १२२ रुग्णांचा अहवाल १९४१ मध्ये बॉस्टन सिटी हॉस्पिटलातून आला. शंभरातले ८२ दगावले होते. मग पेनिसिलिन आलं, १९५४ साली आपल्या पिंपरीत त्यासाठी सरकारी कारखाना स्थापन झाला, जंतू पेनिसिलिनला पुरून उरले, मेथिसिलिनलाही पुरून उरले. पुढची वर्षं माझ्या लेखी सेफॅलोस्पोरिनच्या पिढ्या मोजण्याची आणि औषध कंपन्यांच्या एमआरनी वाटलेल्या कॅलेंडरांची.

खरी गंमत २०१० नंतरची. त्या वर्षी दिल्लीचं नाव लावलेल्या एनडीएम-१ या अँटिबायोटिकं निकामी करणाऱ्या जंतूंच्या एन्झाइमवरून देशात गदारोळ झाला. नावावर जेवढी चर्चा झाली तेवढी आयसीयूतल्या जंतूंवर झाली असती तर बरं होतं. आमच्याकडे तेव्हा 'डबल कव्हर'ची लाट होती. परिषदेत मोठ्या शहरातले बडे डॉक्टर यायचे, परीक्षानळीत दोन औषधं मिळून जंतू कसे झपाट्यानं मारतात याच्या स्लाइड दाखवायचे आणि एकाच औषधावर रुग्ण ठेवणाऱ्याकडे गावंढळ असल्यासारखं बघायचे. दुपारचं जेवण कोण देत होतं, ते पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं.

इकडे ही चैन चालली होती तेव्हा ब्रिटनमध्ये काही लोक हाच प्रश्न रीतसर विचारत होते. 'अ‍ॅरेस्ट' नावाची चाचणी डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. २९ हॉस्पिटलं, ७५८ प्रौढ रुग्ण, सगळ्यांच्या रक्तात स्टॅफ ऑरियस. नेहमीच्या अँटिबायोटिकवर निम्म्यांना रिफाम्पिसिन, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी, दोन आठवड्यांपर्यंत. रिफाम्पिसिन आपल्याला क्षयाच्या गोळ्यांतून घरचंच. लघवी नारिंगी करणारं. ते पेशीत शिरतं, गळवात पोचतं, म्हणून सगळ्यांच्या आशा त्याच्यावर. मुख्य संशोधक गाय थ्वेट्स यांनी व्हिएतनाममध्ये क्षयावर काम केलेलं, तेव्हा औषध त्यांच्या हातातलंच.

निकाल आला तो असा: बारा आठवड्यांत उपचार फसणं, आजार उलटणं किंवा मृत्यू, हे रिफाम्पिसिन गटात १७ टक्के आणि दुसऱ्या गटात १८ टक्के. मृत्यू जवळपास सारखेच. आजार उलटण्याचं प्रमाण ४ वरून १ टक्क्यावर आलं, एवढीच कमाई. त्या बदल्यात इतर औषधांशी भांडणं झाली आणि त्रासापायी उपचार बदलावे लागले. एक आक्षेप मात्र मलाही पटतो: चाचणीत मेथिसिलिनला न जुमानणारे जंतू फारच थोड्यांत होते. आमच्या बड्या मंडळींनी नेमका तोच धरला आणि बाकीचा निबंध वाचलाच नाही.

मग २०१८ मध्ये 'एडा'. इस्रायल, ग्रीस, इटली. ४०६ रुग्ण, बहुतेकांत मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेम अँटिबायोटिकना दाद न देणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर. म्हणजे थेट आमच्या आयसीयूतला पाहुणा. एकटं कोलिस्टिन विरुद्ध कोलिस्टिन अधिक मेरोपेनेम. २८ दिवसांतले मृत्यू ४३ आणि ४५ टक्के. 'मेरो-कोलिस्टिन' ही जोडी आमच्याकडे आजही डाळ-भातासारखी लिहिली जाते.

माझ्या मते सगळ्यांत शहाणं करणारी चाचणी २०२० ची 'कॅमेरा-२'. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर आणि इस्रायल. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ ऑरियस, रक्तात असलेल्या रुग्णांना व्हँकोमायसिन किंवा डॅप्टोमायसिनवर आणखी पेनिसिलिनच्या कुळातलं एक बीटा-लॅक्टम जोडलं. पाचव्या दिवशीही रक्तात जंतू सापडणारे रुग्ण २० टक्क्यांवरून ११ वर आले. रिपोर्ट बघून कुणीही खूश व्हावं. पण किडनीला इजा झालेले ६ टक्क्यांऐवजी २३ टक्के निघाले, आणि ३५२ रुग्णांवरच चाचणी थांबवावी लागली. मृत्यू कमी झालेच नाहीत.

या काळात आमच्याकडे मॅडम होत्या. संध्याकाळी बाटलीनं सिग्नल दिला की रिपोर्ट टाइप होण्याआधी त्यांचा फोन यायचा. "सर, झुपक्यात ग्रॅम पॉझिटिव्ह दिसतायत. कंटॅमिनेशन म्हणून सोडू नका. लाइन काढलीत? एको कधी करताय? आणि परवा पुन्हा कल्चर पाठवा." औषध वाढवायला त्या क्वचितच सांगायच्या, जंतू आला कुठून, हे विचारायच्या. त्यांच्या धाकानं आमच्या आयसीयूत एकेका औषधावर पेशंट ठेवायची सवय लागत होती. मग कोरोना आला आणि ज्याला ताप त्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू झालं. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत त्याचाही उपयोग दिसला नाही, पण तोवर लोकांचे हात सैल सुटले होते.

२०२२ मध्ये 'स्नॅप' ही बहुराष्ट्रीय चाचणी स्टॅफ ऑरियसचेच प्रश्न घेऊन सुरू झाली. क्लिंडामायसिन जोडून काही साधतं का, हा त्यातला एक. निकाल काहीही असो, आमच्या प्रशासकांना तो कळवणारं कुणी उरलेलं नाही.

परवाचीच केस. डायलिसिसचा पेशंट, थंडी वाजून ताप, तीन अँटिबायोटिकं चालू. पुण्याहून पाचव्या दिवशी रिपोर्ट आला: स्टॅफ ऑरियस, साध्या सेफॅझोलिनला सेन्सिटिव्ह. मानेतला कॅथेटर अजून जागच्या जागी. तो काढायला लावून फार्मसीत फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "सर, सेफॅझोलिन आता ठेवत नाही आपण. भारीतलं देऊ का?"